निबाल्दोची जांभळी काच

ओलेगारिओने उभ्या जन्मात वाकडा खिळासुद्धा टाकलेला नाही. त्याच्या शेडमध्ये गेलात तर पाण्याच्या पंपांची गंजलेली पाती, मुक्या झालेल्या रेडिओंचे सांगाडे, कुलपं नसलेल्या किल्ल्या, सगळं खुंट्यांना टांगलेलं. असा माणूस एका मंगळवारी, संध्याकाळच्या चहात पाव बुडवता बुडवता म्हणाला, "पेटीतले सत्तावीस आयपीस फार झाले. चार ठेवू. बाकीचे ज्यांचे त्यांच्या घरी." माझी चीज कापायची सुरी तिथेच थांबली.

टाकणारा माणूस टाकतो तेव्हा कुणी विचारत नाही. न टाकणारा टाकायला निघाला की विचारावं.

आमच्या गावाला आकाश फुकट मिळालंय आणि पाणी मोजून. म्हणून गावात दुर्बिणीचं मंडळ आहे, पोहण्याचा तलाव नाही. दुर्बीण लाकडी, पिंपाएवढी, ओलेगारिओच्या अंगणात असते. आणि दुर्बिणीला जिथे डोळा लावायचा तिथे बसवायच्या भिंगांच्या नळ्या, म्हणजे आयपीस, त्या एका अक्रोडाच्या पेटीत. एक लावला तर अख्खा चंद्र दिसतो, दुसरा लावला तर त्याच्यावरचा एकच खड्डा. मंडळात आलेला प्रत्येक माणूस आपला आयपीस पेटीत ठेवतो, आणि माणूस गेला तरी आयपीस तिथेच राहतो. सत्तावीसमधले अकरा गेलेल्यांचे होते.

त्यातला एक माझ्या नवऱ्याचा, निबाल्दोचा.

तो द्राक्षाची दारू गाळायच्या कारखान्यात होता. जुनी भट्टी मोडली तेव्हा तिची पितळी नळी त्याने मागून घेतली. बाजारात कणा मोडलेली एक जोडदुर्बीण मिळाली, तिची भिंगं काढली. त्यातून दोन आयपीस केले, जुळे. एकावर N कोरला आणि स्वतःला ठेवला, एकावर O कोरला आणि ओलेगारिओला दिला. ओलेगारिओ माझ्या लेकीचा धर्मबाप. म्हणून तो मला कोमाद्रे म्हणतो, मी त्याला कोंपाद्रे. हे नातं आमच्याकडे रक्तापेक्षा एक बोट वर.

त्या काचांना एक झाक होती. तिरप्या धरल्या की पिकल्या प्लमच्या सालीसारखी जांभळी. आणि निबाल्दोच्या काचेत, अगदी कडेला, एक बुडबुडा होता, खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढा. तो फक्त आम्हा दोघांना माहीत. दिव्यासमोर काच फिरवत तो मला बुडबुडा शोधून दाखवायचा आणि गुणगुणायचा,

नकाशात नाही तारा,
त्याला नाही सांजवारा,
राही काचेच्या किनारा
तुझ्यासाठी.

जाण्याच्या आठवडाभर आधी म्हणाला होता, "इस्मेनिया, मला कबरीत शोधत बसू नकोस. तिथे मी कंटाळेन. पेटीत बघ."

म्हणून ओलेगारिओ 'चार ठेवू' म्हणाला तेव्हा मी आधी हेच विचारलं, "आणि निबाल्दोचा?"

त्याने कपात बघितलं. "तो मोजायचाच नाही, कोमाद्रे. तो आठवण आहे. तुम्ही घरी न्या."

"आठवण काय म्हणून? तो कामाचा आहे. शनीची कडी मी पहिल्यांदा त्यातूनच पाहिली."

"पाहिली होती," ओलेगारिओ म्हणाला आणि पाव चहात विरघळून गेला तरी चमचा फिरवत राहिला.

होती. हा 'होती' माझ्या कानात खड्यासारखा बसला.

पेटी कमी करायचं कारण त्याने चांगलं दिलं होतं, नाही असं नाही. गेल्या महिन्यात खालच्या गावचे शिक्षक आले होते, शनी बघायला. हा लावू की तो लावू, हा याच्या काकाचा, तो त्याच्या आईचा, असं करता करता शनी डोंगराआड गेला आणि शिक्षक डोंगर बघून परत गेले. एलेउतेरिओ, आमचा शेळ्यांवाला, अजून सांगतो, "पाहुण्यांनी विचारलं, शनी असा झुडपाळ असतो का?" हसलो आम्ही सगळे. पण हसण्यामागे एखादी गोष्ट सहज लपते.

रविवारी मी नेहमीसारखी शेडमध्ये गेले. इतर विधवा रविवारी फुलं घेऊन कबरीकडे जातात, मी चर्चमधली मिस्सा आटोपून पेटीकडे जाते. तो गेल्यापासून सहा वर्षांत एक रविवार चुकला नाही. कनवटीला माझा निळ्या कशिद्याचा रुमाल आणि औषधाच्या छोट्या बाटलीत पिस्को, ती द्राक्षाची दारू, निबाल्दोच्याच कारखान्यातली. दोन थेंब रुमालावर घ्यायचे, श्वास सोडायचा, आणि काच पुसायची. आमच्या खोऱ्यातली धूळ पिठासारखी, बंद पेटीतही शिरते. तिचा एक कणही मी निबाल्दोवर राहू दिला नाही.

मी आले की ओलेगारिओ उठून बाहेर जातो, द्राक्षाच्या वेलीला पाणी घालायला. सहा वर्षं हेच.

त्या रविवारी तो उठला नाही.

मी दारात आले तशी त्याने टेबलावरच्या कशावर तरी फडकं टाकलं. घाईत टाकलं, पुरतं पडलं नाही. फडक्याच्या कोपऱ्याखाली एक गोल चमकला, जांभळा.

"आज पुसू नका, कोमाद्रे."

"का?"

"यास्ना येणारे, गुरुवारच्या परीक्षेसाठी सगळ्या आयपीसना टेप लावायला. ओलं असलं की चिकटत नाही."

"पिस्को तर जीभ लावायच्या आत उडतो. हे तुम्ही मला सांगताय?"

मी पेटी उघडली, निबाल्दोचा आयपीस काढला आणि खिडकीच्या उन्हात तिरपा धरला. काच पांढरी. पाण्याच्या पेल्याचा तळ असतो तशी. जांभळी झाक कुठेच नाही. मी दोन थेंब घेतले आणि पुसली. मग आणखी दोन घेतले, जोर लावून पुसली. झाक आली नाही.

रोज जवळ असलेल्या माणसाचे केस कधी पांढरे झाले ते कळत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण फडक्याखालचा जांभळा गोल डोळ्यांसमोर होता आणि मनात दुसराच हिशेब जुळत होता. ओलेगारिओने स्वतःचा जुळा पेटीत कधी आणलाच नव्हता. विचारलं की म्हणे, "आहे कुठेतरी." म्हणजे त्याची काच खराब झाली असणार. आणि त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, त्याच्या घरात पेटी, आणि दर रविवारी येणारी एक म्हातारी, जिला काचेतलं काय कळतं? त्याने काचा बदलल्या. आता निबाल्दोचा घरी न्या म्हणतोय, कुणाला कळायच्या आत.

दारातून निघताना मी म्हटलं, "परीक्षेत निबाल्दोचाही बसेल. सगळ्यांसारखा, टेप लावून."

ओलेगारिओच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो मी घरापर्यंत जपून नेला, पुरावा नेतात तसा.

कोणते चार ठेवायचे ते ठरवायला परीक्षा घ्यायची, ही कल्पना त्याचीच होती. यास्नाने, ती औषधांच्या दुकानात असते आणि मंडळाची वही लिहिते, एकटीने बसून प्रत्येक आयपीसला काळी टेप गुंडाळायची आणि वर नंबर घालायचा. कुणाचा कोणता ते फक्त तिच्या चिठ्ठीवर. दुर्बिणीत बसवणार तीच, म्हणजे हाताला वजनही कळू नये. मंडळातर्फे ओलेगारिओ, एलेउतेरिओ, यास्ना आणि मी, आम्ही चौघांनी बघायचं आणि बोलायचं.

गुरुवारी संध्याकाळी, डोंगरावर अजून उजेड होता आणि अर्धा चंद्र डोक्यावर आला होता, आम्ही अंगणात जमलो. मी आधी टेबलावरचे काळे गठ्ठे मोजले. पुन्हा मोजले.

"अठ्ठावीस आहेत," मी म्हटलं.

"ओलेगारिओंनी एक जास्तीचा दिला," यास्ना म्हणाली.

"कोणता?"

"इस्मेनियाबाई, सांगितलं तर टेपचा काय उपयोग?"

मी ओलेगारिओकडे पाहिलं. तो दुर्बिणीचा स्क्रू पिळत होता, आधीच पिळलेला.

सुरुवातीला भराभर गेले. यास्नाने रांगाच लावल्या होत्या. चंद्र सगळा दाखवणारे एका रांगेत, मधले दुसऱ्या, खड्ड्यात नेऊन सोडणारे तिसऱ्या. नऊ आयपीस एकच काम करत होते. "नऊ माणसं आणि एक फावडं," एलेउतेरिओ म्हणाला. तीन तर असे की पापण्या काचेला घासल्याशिवाय काही दिसेना. एकात चंद्राला निळी किनार येत होती. चोवीस नंबर इतका जड की बसवल्यावर दुर्बीण मान टाकायची. "हा नक्की मेयर काकांचा," एलेउतेरिओ म्हणाला, "तेही असेच कुठे बसले की सगळं खाली जायचं."

"नावं घ्यायची नाहीत," यास्ना ओरडली.

"मेलेल्यांची पण नाहीत?"

"त्यांची तर मुळीच नाहीत."

प्रत्येक नंबर बाद झाला की टेबलाच्या डाव्या टोकाला जायचा आणि तिथे थोडा वेळ कुणी बघायचं नाही.

मग मधल्या रांगेतला सात आला.

मी डोळा लावला. चंद्र होता, पण दुधात पडलेला. खड्ड्यांच्या सावल्या राखाडी. चंद्राच्या कडेबाहेर आकाश काळं असायला हवं, ते ताकासारखं पांढरट.

"हा काढा," मी म्हटलं. "डोळ्यात मोतीबिंदू झाल्यासारखं वाटतंय."

यास्ना म्हणाली, काढा. एलेउतेरिओ म्हणाला, "हा माझ्या शेळीलाही नको."

ओलेगारिओने बराच वेळ पाहिलं. "सात... बरा आहे," तो म्हणाला.

"बरा? तुझा डोळा दुर्बिणीत होता की खिशात?" एलेउतेरिओने विचारलं.

"बरा आहे म्हटलं ना. लिही, यास्ना."

अख्ख्या संध्याकाळी त्याने एकाही आयपीसची बाजू घेतली नव्हती. या एका आंधळ्या नळीची घेतली. का? मी शाल घट्ट ओढून घेतली.

पाच-सहा नंबरांनंतर एकोणीस आला. मी वाकले आणि वाकलेलीच राहिले. चंद्राच्या काठावरचा एकेक डोंगर सुरीने कोरल्यासारखा, आणि त्याच्या मागे काळं, खोल, विहिरीचं काळं. कितीतरी वर्षांनी असं दिसत होतं. जणू कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे उभं होतं, 'बघ, घाई नाही' म्हणत.

"हा ठेवा," मी म्हटलं. "दुसरं काही ठेवलं नाही तरी चालेल."

एकोणीसला चौघांचीही हो होती.

डोंगरावरचा उजेड गेला तशी यास्नाने व्हरांड्यातला दिवा लावला आणि टेप सोडायला घेतल्या. मी म्हटलं, "आधी सात आणि एकोणीस."

साताची टेप सुटली. पितळ. त्यावर N.

एकोणिसाची सुटली. पितळ. त्यावर O. दिव्याखाली काच जांभळी चमकली.

मी हळूच बोलले, पण अंगणाच्या टोकाला एलेउतेरिओने हातातलं बुटकं स्टूल खाली ठेवलं, म्हणजे फारसं हळू नसावं. "कोंपाद्रे, माझ्या नवऱ्याची काच काढून तुम्ही तुमच्या नळीत घातलीत. आणि तुमची मेलेली काच त्याच्या नळीत. ज्याने दोन्ही आपल्या हातांनी केले, त्याच्याशी असं?"

"काहीतरीच काय, इस्मेनिया," एलेउतेरिओ म्हणाला. "हा? हा तर दुसऱ्याच्या दाराची कडीसुद्धा विचारून लावतो."

"त्यालाच बोलू दे," मी म्हटलं.

ओलेगारिओ उभा होता. पंपाच्या तेलाने काळे झालेले हात एकमेकांत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कनवटीच्या रुमालाकडे, मग जमिनीकडे.

"हो," तो म्हणाला. "मी बदलल्या."

"कधी?"

"दोन वर्षं झाली. नाही... गेल्या हिवाळ्यात."

"दोन वर्षं की हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात. माझी खराब झाली होती. लोभ झाला, कोमाद्रे. माफ करा."

मला हवं होतं ते मिळालं होतं. रविवारपासून मी याच शब्दांची वाट पाहत होते. मी सात उचलला, निदान कसली काच माझ्या माणसाच्या जागी बसवली ते बघायला, आणि दिव्यासमोर धरला. फिरवला. काचभर बारीक ओरखडे, गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखे. आणखी थोडा फिरवला.

कडेला, खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढा, बुडबुडा.

राही काचेच्या किनारा, तुझ्यासाठी.

मी आणखी एकदा फिरवून पाहिलं. तो हलला नाही. ही निबाल्दोचीच काच होती, पहिल्या दिवसापासून याच नळीत. कुणी तिला हात लावला नव्हता.

"दाखवा बघू," यास्ना म्हणाली आणि माझ्या हातातून घेऊन दिव्याखाली वाकली. "ही बदललेली नाही हो. ही घासलीय. वरचा थरच गेलाय, म्हणून झाक नाही. धूळ न फुंकता कुणीतरी तिच्यासकट रगडत राहिलंय, वाळूच ती आपली. आणि वास तर..."

"यास्ना," ओलेगारिओ म्हणाला, "गप्प बस."

इतक्या वर्षांत मी त्याला कुणावर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

रुमाल माझ्या कनवटीला होता. निळा कशिदा, मधोमध झिजून जाळी झालेला. सहा वर्षांचे रविवार. त्या जाळीत कापूस जेवढा गेला तेवढा निबाल्दोही गेला होता, थोडा थोडा, माझ्याच बोटांनी.

मी बाकावर बसले. एलेउतेरिओने ते स्टूल माझ्या पायांखाली सरकवलं, काही न सुचल्यासारखं.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून," ओलेगारिओ म्हणाला. "मंगळ बघायला तो लावला होता. तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाही? एक शब्द?"

"रविवारी तुम्ही येता तेव्हा मी वेलीकडे जातो, कोमाद्रे. आत काय होतं ते बघायचं नसतं म्हणून जातो. मग बघितलं नाही ते कसं सांगू?"

"आणि खोटं? चोर झालात ते?"

"ते सोपं होतं," तो म्हणाला. "माझ्यावर रागावलात तर दोन महिने रागावाल. स्वतःवर रागावला असतात तर..."

त्याने वाक्य सोडून दिलं, पंपाचा एखादा भाग बसत नाही म्हणून सोडावा तसं. मग O चा आयपीस उचलून माझ्यासमोर ठेवला. "हा त्याने दिला तसा कापडात ठेवला होता. तो गेल्यावर काढवेना. हाही त्याच्याच हातचा आहे. म्हटलं, चारांत एक तरी त्याचा राहावा. चिठ्ठीवर माझं नाव असलं म्हणून काय."

एकोणीसच्या काचेवर धूळ होती. सहा वर्षांची, विरळ, कुणी न पुसलेली. तिच्यातूनच मी थोड्या वेळापूर्वी विहिरीचं काळं पाहिलं होतं.

"यास्ना," मी म्हटलं, "लिही. सात बाद. इस्मेनियाने बाद केला असं लिही."

"नुसतं बाद लिहिते."

"नाव लिही."

तिने लिहिलं. त्याच रुमालात मी सात गुंडाळला आणि घरी आणला. तो आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. कधी कधी दिव्यासमोर धरते आणि बुडबुडा शोधते. पुसत नाही.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर पाय आपोआप शेडकडे वळले. ओलेगारिओने मला पाहिलं, उठला, झारी घेऊन बाहेर गेला. पेटीत आता चार खाचांत चार आयपीस, आणि तेवीस खाचा रिकाम्या. मी एकोणीस काढून उन्हात तिरपा धरला. जांभळा. वर एक नवा कण येऊन बसला होता. हात कनवटीला गेला. कनवटी रिकामी होती. मी हात मांडीवर ठेवला आणि तो कण तसाच बसू दिला.

बाहेर पाणी पडत होतं. पडतच होतं. आमच्या गावात इतकं पाणी कुणी वेलीला घालत नाही.

"कोंपाद्रे," मी हाक मारली, "पुरे झालं. मुळं कुजतील. आत या."